नातीच्या डोक्यातली गुठळी

माझ्या नातीविषयी मी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं : "ही आपल्या घरातली वाटत नाही. हिला गप्प बसता येतं." हॉस्पिटलच्या खोलीतले सगळे हसले. मुलगी टाके सांभाळत, पोटावर हात दाबून हसली. आपल्या बोलण्यावर कुणी हसलं की मला बरं वाटतं. या सवयीने सहासष्ट वर्षांत माझं फारसं काही बिघडलं नव्हतं, त्यामुळे ती सोडायचं कारणही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही मायलेकींना चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटवर आणलं. आमच्या घरात मराठीची दोन टोकं एकत्र नांदतात. मी साताऱ्याचा. अंबत्तूरच्या एका कारखान्यात मोटारींच्या सुट्या भागांची तपासणी करायला दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि निवृत्त होऊनच बाहेर पडलो. बायको तंजावरकडची. तिच्या पूर्वजांनी इकडे येताना जी मराठी बरोबर आणली तीच तिच्या माहेरी अजून वापरात आहे, वरून तमिळची फोडणी देऊन. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही इंग्रजीत भांडलो, कारण एकमेकांच्या मराठीतल्या शिव्या कळत नव्हत्या. जावई अमरावतीचा, पेरुंगुडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. बायको त्याला 'माप्पिळ्ळै' म्हणते, म्हणजे जावईबापू, आणि तो आला की पंख्याचा वेग वाढवते.

मुलीने फोनवर एक ॲप घेतलं होतं. बाळाला किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, लंगोट किती वेळा ओला झाला, सगळं त्यात भरायचं. संध्याकाळी ते ॲप रंगीत आलेख काढी आणि 'तुम्ही उत्तम आई आहात' असं प्रमाणपत्र देई. त्या प्रमाणपत्राने माझं डोकं फिरलं. ज्या वर्षी आमच्या कारखान्याला गुणवत्तेची ढाल मिळाली त्याच वर्षी सर्वांत जास्त माल परत आला होता, आणि ढाल ज्या कपाटात ठेवली होती त्याच कपाटात परत आलेल्या मालाची पत्रं होती.

"मूल आहे की बॉयलर?" मी म्हणालो. "दर तासाला रीडिंग कसली घेतेस?"

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी ॲप सांगितलं?"

"लक्ष ठेवायला सांगितलं."

"मग ठेव की. डोळ्यांनी ठेव. तक्ता भरणारा माणूस यंत्राकडे बघत नाही, हे मी चाळीस वर्षं बघितलंय."

वाक्य चांगलं होतं. कारखान्यातही ते खपायचं. जावई मान खाली घालून हसला, मुलगीही हसली, आणि तिने फोन पालथा ठेवला. ही चौथ्या दिवसाची दुपार.

त्यानंतर घरात विलक्षण शांतता होती. बाळ झोपून असे. खालच्या मजल्यावरची मामी येऊन बघून गेली आणि 'समत्तु!' म्हणाली. समत्तु म्हणजे गुणी, समंजस, त्रास न देणारं. साताऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन आला, पाचवीला पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवा म्हणून. सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणे. मी म्हटलं, चेन्नईत येणार असेल तर तिला तमिळ लिहिता येतं का आधी विचार.

बायको तेवढी कुरकुरत होती. तान्ह्या बाळाला ती तमिळ पद्धतीने 'पाप्पा' म्हणते. "पाप्पा दूध ओढत नाही हो. तोंडात धरतंय आणि झोपतंय." ती तळपायाला टिचक्या मारून बाळाला जागं करी, ते डोळे किलकिले करी आणि पुन्हा झोपी जाई.

"दमली असेल," मी म्हणालो. "जन्माला येणं काही सोपं काम नाही."

हेही वाक्य चांगलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी बाल्कनीत वेताच्या खुर्चीवर बसलो होतो. नात मांडीवर होती. कातडी थोडी पिवळी दिसते म्हणून कोवळं ऊन दाखवायचं ठरलं होतं. तिची उजवी मूठ हलत होती. वर, खाली, वर, खाली, अगदी सारख्या अंतराने.

"इकडे ये," मी मुलीला हाक मारली. "ही ताल धरतेय बघ."

मुलगी भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली. तेवढ्यात मी सहज, काही मनात नसताना, माझा तळवा त्या मुठीवर ठेवला. कारखान्यात नवीन आलेल्या माणसाला मी हेच पहिलं शिकवायचो : यंत्र थरथरतंय असं वाटलं तर हात ठेव. हाताखाली थरथर थांबली तर पत्रा सैल आहे, नाही थांबली तर दोष आत आहे.

मूठ थांबली नाही. माझ्या तळव्याखाली ती तशीच ठोके देत राहिली, त्याच अंतराने, जणू माझा हात तिथे नव्हताच. मी चेहऱ्याकडे बघितलं. डोळे उघडे होते, दोन्ही डावीकडे खिळलेले. ओठ काहीतरी चोखल्यासारखे हलत होते. मुलगी माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मी अजून हसतो आहे असं तिला वाटत होतं, कारण तीही थोडी हसत होती. तोंड तसंच ठेवून मी म्हणालो, "गाडी काढायला सांग."

गाडीत बायको बाळाला छातीशी धरून बसली. अशोकनगरच्या सिग्नलला मुठीचे ठोके थांबले.

आम्ही गेलो त्या हॉस्पिटलच्या दर्शनी भागात पुरुषभर उंचीची समई आहे, कारंजं आहे, आणि उद्घाटन करणाऱ्यांच्या नावांचा काळा ग्रॅनाइटचा शिलालेख आहे. त्यात उद्घाटकाचं नाव इमारतीच्या नावापेक्षा मोठं कोरलंय. एरवी मी त्यावर निदान पाच मिनिटं बोललो असतो. त्या दिवशी मी त्याच्या समोरून पळत गेलो, पायात वेगवेगळ्या जोडांच्या चपला होत्या, आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तातडीच्या विभागात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाळाला उघडं केलं आणि पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी परत बसली नाही. चुरगळलेल्या कापडाच्या चुणीसारखी तशीच उभी राहिली. सहा दिवसांच्या मुलाच्या पोटावर म्हातारीची कातडी. हे घरात रोज चार माणसं बघत होती.

वजन केलं. जन्माच्या वेळेपेक्षा जवळजवळ अर्धा किलो कमी भरलं.

"काल दिवसभरात लघवी किती वेळा झाली?" बाईंनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मुलीकडे बघितलं. मुलीने फोन काढला आणि ते ॲप उघडलं. पडद्यावर आलं : 'दोन दिवसांत तुमची नोंद नाही. सगळं ठीक आहे ना?' तिने तो पडदा डॉक्टरांसमोर धरला. माझ्याकडे वळवला नाही. वळवायची गरज नव्हती, मला बसल्या जागेवरून वाचता येत होतं.

दुपारी मोठे डॉक्टर आले. मोठे म्हणजे हॉस्पिटलच्या जाहिरातीवर ज्यांचा फोटो आहे ते. आमच्या भागातल्या देवळातली उत्सवमूर्ती निघते तसे निघाले होते : पुढे एक दार उघडणारा, मागे सहा जण कागद घेऊन, सिस्टर बाजूला सरकून उभ्या. अशा माणसांची मला चांगली ओळख आहे. कारखान्यात पाहणीला येत. यंत्राला हात न लावता प्रवचन देत आणि नारळपाणी पिऊन जात. मी प्रवचनाची तयारी ठेवली.

त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत. बाळाच्या टाळूवर एक बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. मग आमच्याकडे वळले.

"बाळ वाळलंय. दूध पोटात गेलेलंच नाही. रक्तात मीठ फार वाढलंय. ते हळूहळू उतरवावं लागतं, घाई केली तर मेंदूला सूज येते. झटक्यांचं औषध दिलंय. पण झटके फक्त मिठामुळे आलेत असं मला वाटत नाही."

"मग कशामुळे?" जावयाने विचारलं.

"पाणी कमी झालं की रक्त दाट होतं. मेंदूतलं रक्त परत नेणारी एक मोठी शीर असते, कपाळापासून डोक्याच्या मागेपर्यंत. तिच्यात गुठळी झाली असेल. किंवा नसेल. मला माहीत नाही."

एवढा लवाजमा बरोबर असलेला माणूस 'मला माहीत नाही' म्हणतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. थापा ऐकायची माझी तयारी होती. थापेला काय उत्तर द्यायचं ते मला येतं.

"गुठळ्या म्हाताऱ्यांना होतात ना?" मी म्हणालो. खरंच तेवढंच सुचलं.

"नवजात बाळांनाही होतात, सार. फार नाही, पण होतात." मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि ते सांगताना ते भिंतीला टेकून उभे राहिले. टाळूतून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत एक लहानसा रक्तस्राव दिसत होता. गुठळी असेल तर रक्त पातळ करायचं औषध लगेच द्यायला हवं. गुठळी नसेल आणि तेच औषध दिलं, तर तो लहानसा रक्तस्राव मोठा व्हायचा. "म्हणून अंदाजाने चालणार नाही. बघावंच लागेल."

पाच वाजता एमआरआय झाला. साडेसहाला एका तरुण रेडिओलॉजिस्टबाईंनी आम्हाला बोलावलं. पायात रबरी चपला, केस पेन्सिलने वर खोचलेले, मागे कुणी नाही. पडद्यावर माझ्या नातीचं डोकं होतं, करड्या रंगाचं. आमच्या घरात अजून तिचं नाव ठरलं नव्हतं, बारसं बाराव्या दिवशी होतं. पडद्याच्या कोपऱ्यात 'अमुकचं बाळ' म्हणून माझ्या मुलीचं नाव होतं.

"ही ती शीर," बाई पेनाच्या टोकाने दाखवत म्हणाल्या. "इथपर्यंत दिसते, इथे तुटते, पुढे पुन्हा दिसते."

"म्हणजे गुठळी."

"तसं म्हणता येत नाही. हे साधं चित्र वाहणारं रक्त टिपतं. बाळांचं रक्त इतकं सावकाश वाहतं की ते वाहतंय हे पुष्कळदा यंत्राला कळतच नाही. आणि बाळाला उताणं ठेवलं की मागचं मऊ हाड शिरेवर दाबलं जातं. तेव्हाही ती अशीच तुटलेली दिसते. तुटलेली नसताना."

"मग कळणार कसं?"

"कॉन्ट्रास्ट देऊन. हाताच्या शिरेतून एक औषध द्यायचं. रक्त जिथे जातं तिथे ते जातं आणि चित्रात पांढरं चमकतं. वेगाचा प्रश्न राहत नाही. शीर भरली तर भरली, नाही भरली तर गुठळी."

"काय असतं त्या औषधात?"

"गॅडोलिनियम. धातू आहे एक."

माझा आवाज चढला. सकाळपासून पहिल्यांदा मला बोलायला जागा सापडली होती. "सहा दिवसांच्या पोरीला तुम्ही धातू टोचणार? तिच्या अंगात पाणी नाही, रक्त नाही, आणि धातू?"

मुलगी म्हणाली, "बाबा."

बाई रागावल्या नाहीत. "तुमच्या जागी मीही विचारलं असतं, सार. धातू मोकळा नसतो, दुसऱ्या रेणूच्या पिंजऱ्यात बंद असतो. मूत्रपिंडं तो तसाच बाहेर टाकतात. पण तुमचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे. तिची मूत्रपिंडं अजून वाळलेली आहेत. म्हणून आज देणारच नाही. लघवी सुरू होऊ दे, उद्या रक्त पुन्हा तपासू, मग देऊ. कमीत कमी लागेल तेवढंच."

"आणि उद्यापर्यंत गुठळी वाढली तर?"

"वाढू शकते," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसल्यावर जावयाने विचारलं, "तुम्हाला पटलं का ते?" तो मला कधी असं काही विचारत नाही. मी त्याला सांगितलं की कारखान्यात आम्ही ओतीव भागांवर लाल द्रव्य ओतायचो, मग पुसून टाकायचो, आणि वर पांढरी पूड मारायचो. डोळ्याला अखंड दिसणाऱ्या भागावर मग बारीक लाल रेघ उमटायची. भेग असेल तिथेच ते द्रव्य शिरायचं. इथे उलट आहे एवढंच : जिथे शिरणार नाही तिथे दोष. "चाळीस वर्षं मी यावर विश्वास ठेवून माल पास केलाय," मी म्हणालो. तो म्हणाला, "मग हो म्हणू?" मी मान हलवली. हे सगळं मी रेडिओलॉजिस्टबाईंशी ओरडायच्या आधी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागाचं दार उघडून सिस्टरने बाहेर डोकं काढलं आणि हात उंच करून ओरडली, "तात्ता! यूरिन वंदाच्चु!" आजोबा, लघवी झाली. बायकोने तिथल्या तिथे हात जोडले. शेजारच्या बाकावरचे अनोळखी गृहस्थ उठून माझा हात हातात घेऊन गेले. इतका जाहीर सत्कार माझ्या निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

दुपारी रक्ताचा अहवाल ठीक आला आणि तीनची वेळ ठरली. इतक्या लहान बाळाला भूल शक्यतो देत नाहीत, असं कळलं. पद्धत सोपी आहे : तीन तास उपाशी ठेवायचं, ऐनवेळी पोटभर दूध द्यायचं, घट्ट गुंडाळायचं, कानावर टोप्या लावायच्या, आणि बाळ आपोआप झोपतं. कोट्यवधींच्या यंत्राचं काम शेवटी येऊन थांबतं ते बाळाला नीट गुंडाळता येणाऱ्या बाईवर. सिस्टरने दोनदा गुंडाळलं, दोनदा हात बाहेर आला. बायको म्हणाली, "द्या इकडे."

तिने पिशवीतून तिच्या अप्पांची जुनी वेष्टी, म्हणजे धोतर, काढली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. एमआरआयच्या तंत्रज्ञाने तिच्या काठावर बोट ठेवलं. "अम्मा, ही जरी. हिच्यात धातू असतो. आत तापेल."

बायकोने एक क्षण त्या कडेकडे बघितलं. तिचे अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली आहेत आणि ती वेष्टी तिने कुणाला हात लावू दिलेली नाही. तिने कड दातात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टर्रकन फाडून काढली. मग दुसऱ्या बाजूची.

"आणि हे," तंत्रज्ञ म्हणाला. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका होता. दृष्ट लागू नये म्हणून सकाळी बायकोने सिस्टरला विनवून लावून घेतला होता. "काजळात कधी कधी लोखंडाचा अंश असतो. चित्र बिघडतं."

बायको थबकली. त्या ठिपक्याची मी लग्नापासून थट्टा करत आलो आहे. मुलीच्या लहानपणी मी तो मुद्दाम पुसायचो. आता बायकोने माझ्याकडे बघितलं, तुम्हीच पुसा अशा नजरेने, आणि माझा हात पुढे जाईना. दोन दिवसांपूर्वीचा मी तिथे असतो तर काय बोललो असतो ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. शेवटी तिनेच पदराचं टोक ओलं केलं आणि गाल स्वच्छ पुसला.

आत एक माणूस बाळाजवळ बसू शकत होता. मुलगी ओली बाळंतीण, तिला खुर्चीत तासभर बसवायला नको म्हणून मी पुढे झालो. तंत्रज्ञाने फॉर्म भरायला घेतला. पेसमेकर? नाही. शस्त्रक्रिया? नाही. डोळ्यात कधी धातूचा कण गेलाय?

"गेलाय. ग्राइंडिंगच्या यंत्रावर. पुष्कळ वर्षं झाली. काढला होता."

"सगळा निघाला?"

"निघाला म्हणाले."

"म्हणाले चालत नाही, सार. राहिला असेल तर चुंबक तो आत ओढेल. आधी एक्स-रे काढावा लागेल."

एक्स-रेला वेळ नव्हता. बाळाला दूध पाजून झालं होतं, डोळे मिटत आले होते. मुलगी उठली. तिने मंगळसूत्र काढलं, बांगड्या, केसातल्या पिना, आणि वाकता येत नव्हतं म्हणून आईकडून जोडवी काढून घेतली. सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं. मग आत गेली आणि जाड दार बंद झालं.

मी ओंजळ तशीच धरून कंट्रोल रूमच्या दारात उभा राहिलो. रेडिओलॉजिस्टबाईंनी एकदा बघितलं, जा म्हणाल्या नाहीत. आतून यंत्राचा आवाज येत होता, पत्रा ठोकणाऱ्या दाबयंत्रासारखा. काचेतून मुलीची पाठ दिसत होती आणि तिचा एक हात त्या बोगद्यात गेलेला दिसत होता.

मग आवाज थांबला. बाई स्वतः आत गेल्या. त्यांच्या हातातली सिरिंज इतकी लहान होती की मला आधी ती रिकामीच वाटली. परत आल्या, बसल्या, आवाज पुन्हा सुरू झाला.

पडद्यावर चित्रं एकेक करून आली. कालचं करडं डोकं आज उजळून निघालं होतं. बारीक शिरा, त्यांना मिळणाऱ्या जरा मोठ्या, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. बाई चित्रं पुढे सरकवत होत्या. कपाळापासून निघालेली ती मोठी शीर पांढरी होती, पांढरी होती, आणि मग डोक्याच्या मधोमध ती आतून काळी झाली. कडा पांढऱ्या, आत काळं. पुढच्या चित्रात तसंच. त्याच्या पुढच्यात तसंच.

मी आयुष्यभर दोष शोधायचं काम केलं आहे. दोष सापडला की तपासनीसाला, खरं सांगायचं तर, आत कुठेतरी बरं वाटतं. डोळे शाबूत आहेत असं वाटतं. तो काळा भाग दिसल्याबरोबर, अर्धा क्षण, मला तसं वाटलं. मग ते कुणाच्या डोक्यात आहे ते आठवलं, आणि माझी ओंजळ उघडली. बांगड्या फरशीवर पडल्या.

"गुठळी," मी म्हणालो.

"हो, सार," बाई म्हणाल्या. त्यांनी मागे बघितलं नाही. "ही खरीच आहे."

मोठे डॉक्टर लवाजमा सोडून एकटेच आले. चित्र बघितलं, आम्हाला बसवलं. रक्तस्राव वाढलेला नाही, गुठळी नक्की आहे, आता औषध न देणं जास्त धोक्याचं. मांडीच्या कातडीखाली इंजेक्शन, दिवसातून दोनदा, तीन महिने. त्याने रक्तस्राव वाढणारच नाही असं कुणी लिहून देणार नाही. "सही तुमची लागेल," ते मुलीला म्हणाले. तिने कागद वाचला, पूर्ण वाचला, आणि सही केली. पहिलं इंजेक्शन पावणेपाचला दिलं.

बाकावर मी आणि मुलगी दोघंच होतो. मी एकेक करून तिला बांगड्या दिल्या.

"ते ॲपचं," मी म्हणालो. "मी तसं बोलायला नको होतं."

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या हो बाबा.

"हो," ती म्हणाली. "नको होतं."

तिने एक बांगडी घातली. "तुम्ही बोललात म्हणून बंद केलं असं नाही. सगळे हसले. तुमच्या बोलण्यावर सगळे हसले की मला माहेरी आल्यासारखं वाटतं. म्हणून बंद केलं." मग दुसरी चढवत, "मी तिची आई आहे. चूक माझी आहे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

मी विचारलं नव्हतं. पण तिचं बरोबर होतं, विचारलंच होतं.

बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. नात चौदाव्या दिवशी घरी आली, बारसं पुढे महिन्याने केलं, पेढे न वाटता. मुलगी आणि जावई इंजेक्शन द्यायला शिकले. सकाळी आठ, रात्री आठ. इंजेक्शन दिल्यावर नात रडायची आणि घरातले चौघे ते रडणं संपूर्ण ऐकायचे. मुलगी माझ्याशी नीट बोलत होती. चहा देत होती, पेपर कुठे ठेवलाय ते सांगत होती. फक्त बाळाला आंघोळीला जाताना आईकडे द्यायची, फोन आला की नवऱ्याकडे द्यायची. मी जवळ बसलेलो असलो तरी. हे ती ठरवून करत होती असं मला वाटत नाही. मीही हात पुढे केला नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच खोली, तेच उपाशी ठेवणं, तोच बोगदा. या वेळी बायकोने जरी नसलेलं कापड नेलं होतं. मुलगीच आत गेली. मी बाहेर थांबलो, कंट्रोल रूमच्या दाराकडे गेलो नाही.

रेडिओलॉजिस्टबाई स्वतः बाहेर आल्या. "शीर उघडलीय," त्या म्हणाल्या. "थोडी अरुंद आहे एका जागी, पण रक्त आरपार जातंय. रक्तस्राव झाला होता तिथे एक लहान खूण आहे. ती राहील."

"त्या खुणेने काय होईल?" जावयाने विचारलं.

"काही नाही होणार कदाचित. किंवा उजवा हात, पाय जरा मागे राहील. ते आज चित्रात दिसत नाही. ती रांगेल, चालेल, तेव्हा बघत राहायचं."

मुलीने अहवाल उभ्याउभ्या तीनदा वाचला. मग घडी करून पर्समध्ये ठेवला. तिने सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. बायको प्रसाधनगृहाकडे गेली होती. जावई मुलीच्या शेजारीच उभा होता, दोन्ही हात मोकळे.

"बाबा," ती म्हणाली, "हिला धरा जरा. मला भूक लागलीय."

ती दोघं कॅन्टीनकडे निघाली. नात माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मग वळली आणि तिने माझा चष्मा धरला, दोन्ही हातांनी.